तेवीस देशांची यादी आणि बाबांची लाल पेन्सिल

भिंतीवर जगाचा नकाशा लावला तेव्हा माझ्या यादीत तेवीस देश होते. पुण्यातली नोकरी सोडायचं ठरलं होतं, सात वर्षांत साडेसहा लाख बाजूला पडले होते, चाळीस लिटरची सॅकही आणून ठेवली होती. मुंबईहून पूर्वेला निघायचं आणि वर्षभरानं पश्चिमेकडून परत यायचं, एवढंच डोक्यात होतं. मात्र कुठे जायचं हे ठरवण्यात पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

पहिली काट बाबांनी मारली. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फेऱ्या बसवण्यात त्यांचा जन्म गेला. एका रविवारी सांगलीला त्यांच्यापुढे यादी ठेवली. चष्मा पुसून त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "अगं, थायलंड, मग जपान, मग परत व्हिएतनाम? ही गाडी रिकामीच किती धावणार?" मी म्हटलं, "बाबा, तिकीट स्वस्त मिळतंय." ते म्हणाले, "तिकीट स्वस्त असेल, पण दिवस गेले त्याचं काय?" लाल पेन्सिल घेऊन ज्या दोन देशांच्या मधे जमिनीची सीमा आहे ते त्यांनी रेघेनं जोडले. उरलेले सुटे ठिपके फार एकाकी दिसत होते. त्या संध्याकाळी तेवीसाचे चौदा झाले.

दुसरी काट पासपोर्टनं मारली, आणि ती जास्त लागली. विमान कंपन्यांच्या संघांची जगप्रदक्षिणेची तिकिटं मिळतात: एकाच दिशेनं जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, वर्षाच्या आत निघाल्या देशात परतायचं. वाचून मला हेच हवं होतं असं वाटलं. पण युरोपचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी मागता येतो, आणि अर्ज साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच करावा लागतो. म्हणजे निघताना काढावा तर आठव्या महिन्यातल्या प्रवासासाठी मिळणार नाही, आणि वाटेत लाओसमधून मागावा तर तिथं मी फक्त प्रवासी. भारतीय पासपोर्टवर एका दमात जग फिरणं याच ठिकाणी अडतं. आठवडाभर नकाशाकडे बघवेना.

मग वळसा मोडून तीन फेऱ्या आखल्या. प्रत्येक फेरीनंतर घरी यायचं आणि पुढचे व्हिसा घरून काढायचे. नव्या कोऱ्या वहीत देशांचे तीन गट केले: जिथं आपल्याला व्हिसा लागत नाही, जिथं घरबसल्या ई-व्हिसा मिळतो आणि जिथं मुलाखत किंवा बोटांचे ठसे द्यावे लागतात. पहिल्या गटात कझाकस्तान सापडलं, सलग चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय. माझ्या मूळ यादीत ते नव्हतंच! शेजारच्या उझबेकिस्तानचा ई-व्हिसा वीस डॉलरला होता, तीस दिवसांचा. लाल रेघ आपोआप तिकडे वळली.

इथं माझी एक चूक झाली. आपल्याकडच्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचंही नाव असतं. उझबेक अर्जात मी ते गाळलं. व्हिसा आला तो पासपोर्टशी न जुळणारा. पुन्हा अर्ज, पुन्हा वीस डॉलर, आणि चार रात्री झोप नाही. तेव्हापासून तिकीट असो वा व्हिसा, पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर जुळवते. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव.

सप्टेंबर 2024 मध्ये अल्माटीला उतरले. महिना मुद्दाम निवडला होता: उन्हाळ्याची काहिली ओसरलेली, बर्फ अजून दूर, बाजारात सफरचंदं आणि खरबुजं. शहराच्या मागे तिएन शान पर्वत भिंतीसारखा उभा राहतो. पहिल्या सकाळी खिडकीशी नुसती बसून होते. तिथून रेल्वेनं श्यमकेंत, पुढे सीमा पायी ओलांडून ताश्कंद. दोन्ही बाजूंचे शिक्के घेऊन पलीकडे पाऊल टाकलं आणि पहिला फोन बाबांना केला. जमिनीवरची सीमा मी आयुष्यात पहिल्यांदाच ओलांडत होते.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला 1966 आठवतं. शास्त्रीजींचा पुतळा तिथं आहे, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. तिथं मी बराच वेळ उभी राहिले. पुढे वेगवान गाडीनं दोन तासांच्या आसपास समरकंद. रेगिस्तान चौक सुंदर आहेच, पण मला धरून ठेवलं ते उलुगबेग या खगोलज्ञ राजाच्या वेधशाळेनं. पंधराव्या शतकातली इमारत गेली. ताऱ्यांची उंची मोजायचा, जमिनीखाली खोदलेला प्रचंड दगडी कंस उरला. उलुगबेगच्या तारकासारण्या, म्हणजे ताऱ्यांच्या स्थानांचे तक्ते, पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहांनी वापरले. जंतरमंतरला मी शाळेच्या सहलीत गेले होते, त्याचा धागा इथपर्यंत येतो हे त्या खड्ड्याच्या काठावर कळलं.

बाजारात 'सब्झी' मागितली तर बाईंनी पिवळी गाजरं पुढे केली. उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर. कांद्याला पियोझ, चहाला चोय. मी शाकाहारी, म्हणून 'गोश्तसिझ' म्हणजे 'मांसाशिवाय' हा शब्द पाठ केला होता. तो रोज कामी आला. पलाव मात्र मांसासोबतच शिजतो, त्यामुळे नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि खरबूज यांवर महिना निघाला. मला ते पुरलं.

दुसरी फेरी 2025 च्या जानेवारीत, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम. इथं ऋतूनं आणि सणानं क्रम ठरवला. उत्तर थायलंडमध्ये मार्चच्या सुमारास शेतं आणि रानं पेटवल्याचा धूर कोंडतो, म्हणून ते आधी उरकलं. व्हिएतनामचं नववर्ष, तेत, 29 जानेवारीला होतं. तेव्हा गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद, म्हणून ते शेवटी ठेवलं. मधल्या दिवसांत हुआय साईहून लुआंग प्रबांगपर्यंत मेकाँग नदीतून दोन दिवसांची संथ होडी. मुक्कामाच्या पाकबेंगला डोंगराआड सूर्य गेला तेव्हा होडीतलं सगळं बोलणं थांबलं होतं. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर प्रवेशाचं ठिकाण आधीच नोंदवावं लागतं, हे तेवढं ध्यानात असू द्या.

चौदातले सहा देश मी कायमचे खोडले. त्याचं वाईट वाटत नाही. पेरू मात्र खोडला नाही. कुठल्याही हिशेबात तो बसत नव्हता, तरी दहावीच्या सुट्टीत माचू पिचूचं चित्र पाहिल्यापासून तो मनात आहे. अमेरिकेचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर पेरू आपल्याला वेगळा व्हिसा मागत नाही, म्हणून आधी तो अर्ज टाकला आहे. माचू पिचूला पायी जायची वाट, इन्का ट्रेल, फेब्रुवारीत बंद असते. मला मे महिना हवा आहे. पेरूहून परतताना आपलंच सरकार पीतज्वराच्या लसीचा दाखला बघतं. ती लस गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन घेतली. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे.

काल बाबांनी पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, "लिमाहून कुस्कोला रात्रीची गाडी आहे का?"