हाही डावखुरा!

सकाळी गॅलरीच्या गजावर पोपट. डाव्या पायात शेंग धरलेली, उजव्यावर तोल. चोचीने टरफल फोडलं, जिभेने दाणा फिरवला, गट्टम.

आई चहा पिता पिता म्हणाली, "बघ गं, हाही डावखुरा!"

हसले खरी, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की हिनेच चापट मारलेली.

पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. म्हणून चिमट्यासारखी पकड बसते. चढताना चोच म्हणजे तिसरा पायच. ऑस्ट्रेलियातले पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा तर जवळजवळ सगळे डावखुरे. (त्यांच्या आया काय म्हणत असतील?)

रात्री मुद्दाम डाव्या हाताने भाकरी मोडली. आईने पाहिलं. बोलली काहीच नाही, फक्त ठेच्याची वाटी माझ्या डावीकडे सरकवली.