ऑपरेशन पायाचं, मग दुखतं कमरेत कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, परत परत सांगून कंटाळलोय तरी. नडगी जुळली, पाय नीट टेकतो, त्याची तक्रार नाही. दुखतं ते जिथून हाड काढलं तिथे. न जुळणाऱ्या नडगीत भरायला पट्टा बांधतो त्या जागेचं, कमरेच्या हाडाच्या कडेचं हाड घेतलं. पहिले काही दिवस खोकला आला की नडगी गप्प आणि कंबर बोंबलायची.

‘डॉक्टरांनी घोळ घातला असणार’ हे तुमचं पुढचं वाक्य ठरलेलं. तसं नाही हो. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्पर्श कळवणारी नस बहुतेकांच्यात त्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या आतून उतरते, काहींच्यात चक्क कडेवरून. म्हणून हाड टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर मागून काढतात. नाहीतर टोकच मोडण्याची भीती. एवढं सांभाळूनही नस ताणली जाते, दबते.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मांडीवर कापूस फिरवला. ‘कळतंय?’ नाही. ‘इथे?’ नाही. कळायला लागलं की निळ्या पेनाने ठिपका. ठिपके जोडले तेव्हा मांडीवर तळहातापेक्षा मोठा, वेडावाकडा प्रदेश उमटला. सुई टोचली, तीही कळली नाही. बरं वाटलं, म्हटलं, दुखणार तरी नाही. घरी येऊन पँट चढवली आणि त्याच जागी कापड घासताच मिरची लावल्यासारखी आग. आई म्हणाली, ‘बधिर आहे ना, मग आग कसली?’ डॉक्टरांनी नंतर समजावलं की दुखावलेली नस दोन्ही करते. आईला ते अजून पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

‘बँकेतलं हाड का नाही घेतलंस?’ मुंबईत टाटा मेमोरियलची ऊती बँक 1988 पासून आहे, तिथे दान आलेलं हाड किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात. पण त्यात जिवंत पेशी नसतात. आपल्या हाडात असतात. संमतीपत्रावर ‘जागा दुखू शकते’ ही ओळ होती, तेव्हाचा मी म्हणाला होता, ‘आपलं ते आपलं, दुखलं तर दुखलं.’ त्याच्याशी मी रोज भांडतो. तो विचारतो, ‘नडगी जुळली ना?’ जुळली. बँकेतल्या हाडाने जुळली नसतीच, असं मात्र त्यालाही छातीठोक सांगता येत नाही.

काहींची आग काही महिन्यांत शमते म्हणे. माझी थोडी कमी झाली आहे, असं मी सकाळी म्हणतो आणि संध्याकाळी मागे घेतो. तोवर लग्नाला लेंगा घालून आलो, तर कारण विचारू नका.