शिंदळ माकुडीचं आमच्या गच्चीवरचं पहिलं वर्ष

मागच्या जुलैत पुण्याहून निघताना आत्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दोन कांड्या हातात दिल्या. बोटाएवढ्या जाड, राखाडी-हिरव्या, टोकाला चार-पाच मांसल पानं. "शिंदळ माकुडी आहे. माझ्या कुंडीतली आहे, डोंगरावरून उपटलेली नाही," हे तिनं दोनदा सांगितलं. कारणही तसंच आहे. ही वनस्पती फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत उगवते. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड अशा ठिकाणच्या उभ्या कड्यांवर, खडकाच्या फटीत. तीही मोजक्याच जागी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून दिलेलं. हल्ली तिला बाउसेरोशिया या वंशात घालतात, पण झाडं जमवणारे अजून फ्रेरियाच म्हणतात. आपल्या रुईच्याच कुळातली.

शिवनेरीच्या कड्यावर उगवणारं झाड इंदूरला रामबागेतल्या आपल्या गच्चीवर लागणार, याचा मला फार आनंद झाला होता. आमच्या घराण्याला माळव्यात येऊन पाच पिढ्या झाल्या. तिकडचं असं जिवंत काही घरात नव्हतंच.

आल्याबरोबर लावायची घाई केली नाही, ते बरं झालं. कापलेलं तोंड ओलं असताना मातीत गेलं की कुजतं. म्हणून दोन्ही कांड्या सहा दिवस जिन्याखाली कागदावर आडव्या ठेवल्या. तोंडाशी कोरडी खपली धरली, मग कुंडी भरली. माळव्याची काळी माती चिमूटभरही घातली नाही. ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. निम्मे विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, त्यात जाड वाळू आणि जेमतेम ओंजळभर गांडूळखत. कुंडी साधी मातीची, बुडाला मोठं भोक. पूर्वेच्या कठड्याला ठेवली, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली.

ऑगस्टभर पाऊस झेलत दोन्ही कांड्या छान वाढल्या. माझ्याकडचे लिथॉप्स, ते दक्षिण आफ्रिकेतले दगडासारखे दिसणारे, त्याआधीच्या वर्षी याच पावसात सडून गेले होते. त्यामुळे 'मांसल झाड म्हणजे पाऊस नको' हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ही मात्र पावसाचीच निघाली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तिच्यापाशी जायची.

मग डिसेंबर आला आणि पानं पिवळी पडून गळायला लागली. इथेच माझी चूक झाली. ओळखीच्या एका नर्सरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, पाणी कमी पडतंय. मलाही ते पटलं, कारण गळणारं पान बघून हात आपोआप झारीकडे जातो. दर दोन दिवसांनी पाणी घालत राहिले. इंदूरच्या थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. तशा गारठ्यात कुंडी आठ-आठ दिवस वाळेना.

संक्रांतीच्या आसपास एका कांडीचं बूड तपकिरी दिसलं. अंगठ्यानं दाबलं तर साल सरकून हातात आली, आत शिजलेल्या अळूच्या देठासारखं मऊ. ती गेलीच होती. दुसरी वरून ठणठणीत दिसत होती, पण उपटून पाहिलं तर मुळं काळी. स्वयंपाकघरातली धारदार सुरी गॅसवर तापवून घेतली, गार होऊ दिली आणि बुडापासून चकत्या काढायला बसले. पहिल्या चकतीत मधोमध तपकिरी ठिपका. दुसरीतही. दर वेळी सुरी पुसायची, पुन्हा थोडं वर कापायचं. चौथ्या कापाला आतलं अंग स्वच्छ, फिकट हिरवं निघालं. हातात उरली चार बोटं कांडी. तोंडाला हळद लावली आणि परत जिन्याखाली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, थंडीत पानं टाकणारी झाडं झोपतात. झोपलेल्याला कोणी पाजतं का?"

आत्याला फोन केला तेव्हा तिनंही तेच सांगितलं. शिंदळ माकुडी पावसाळ्यात पानं धरते, कोरड्या दिवसांत टाकते. कड्यावर पाऊस संपला की फटीत ओलावा राहतच नाही. उघड्या जाड कांडीत साठवलेल्या पाण्यावर ती पुढचे महिने काढते. पानगळ हे तिच्या तब्येतीचं लक्षण होतं आणि मी त्यावर औषध करत बसले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरल्यावर, ती कांडी कोरड्या मिश्रणात टेकवली. पंधरा दिवस थेंबही नाही. मग आठवड्यातून एकदा कडेनं दोन चमचे पाणी. एप्रिलमध्ये हलकेच ओढून पाहिली, तर हलेना. मुळं धरली होती. मे महिना हिरव्या जाळीखाली काढला. कांडी सुरकुतली, तरी मी पाणी वाढवलं नाही.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडला आणि आठ दिवसांत टोकाला हिरवे कोंब दिसले. यंदा गणपतीनंतर पानाच्या बगलेत कळी आली. उमलली तेव्हा मी हातातलं काम टाकून बसले. पाच पाकळ्यांची चांदणी, गडद लाल मखमल, त्यावर पिवळे डाग, कडेला बारीक लव. जेमतेम रुपयाएवढं फूल. दुपारी त्यावर माश्या बसल्या. परागीकरणाचं काम त्यांचंच. शेंग धरली असती तर रुईसारखी म्हातारी उडाली असती, पण यंदा धरली नाही.

चार दिवसांपासून पुन्हा पानं पिवळी पडायला लागली आहेत. कुंडी आडोशाला सरकवली आहे आणि झारी खाली नेऊन ठेवली आहे.