पडणार हे दिसत असताना त्याचं काम का करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नात, एस्टीत, सकाळी फिरायला गेलो की कट्ट्यावर, कुणी ना कुणी हे विचारतंच: "लोकसभेला उभा राहिलेल्या ह्या माणसामागं पक्ष नाही, कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही. पडणार हे दिसतंय. मग काका, तुम्ही त्याचा हिशेब कशाला सांभाळत बसता?" विचारणारे आपुलकीनंच विचारतात. माझी नोकरी सहकारी बँकेत झाली. त्यामुळं कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ-हातकणंगले भागात असा कुणी उभा राहिला, की त्याची खर्चाची नोंदवही माझ्याकडं येते.

पडणारच, हे ठरवलं कुणी? 2009 साली ह्याच हातकणंगले मतदारसंघातून ऊस उत्पादकांचे नेते राजू शेट्टी निवडून आले. समोर होत्या निवेदिता माने, आधीच्या इचलकरंजी मतदारसंघाच्या दोन वेळच्या खासदार. त्यांचे सासरे बाळासाहेब माने त्याच जागेवरून पाच वेळा दिल्लीला गेलेले. जिल्ह्यातले कारखाने, बँका, दूध संघ, सगळी जोडणी त्या बाजूला. फरक पडला 95 हजारांचा.

त्या निकालाला लोक चमत्कार म्हणाले. मला ते पटत नाही. शेट्टी 2002 ला जिल्हा परिषदेवर गेले, 2004 ला शिरोळमधून आमदार झाले. आणि हे सगळं होण्याआधीपासून ते ऊसवाल्यांबरोबर रस्त्यावर होते. पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, किती, काट्यावर वजन बरोबर येतं का, बिल इतकं उशिरा का, हे प्रश्न आमच्या भागात घराघरातले. मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, पोराची फी, सगळं त्या बिलावर अडून असतं. दर वर्षी गळिताच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते. तिथं आकडा ठरतो आणि त्या आकड्यासाठी कारखान्याला जाणारी वाहनं अडवली जातात. ज्या माणसानं आपल्या उसासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याची ओळख करून द्यायला पोस्टर लागत नाही. प्रचार आधीच झालेला होता, मतदान तेवढं राहिलं होतं.

आता माझ्या विषयाकडं येतो, पैशाकडं. त्या निवडणुकीत घोषणा होती 'एक व्होट, एक नोट'. गावोगावच्या सभांतून लोकांनी नोटा दिल्या. कुणी दहाची, कुणी शंभराची. पैसे जमले ही एक गोष्ट झाली, पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. ज्यानं स्वतःच्या खिशातून दहा रुपये काढून दिले, त्याला मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट देऊन फिरवणं फार अवघड जातं. तो त्या निवडणुकीचा मालक झालेला असतो. मी म्हणूनच कुठल्याही उमेदवाराचं काम घ्यायच्या आधी पावतीपुस्तकं मागतो. पाच मोठ्या देणगीदारांच्या पावत्या असतील तर मी हात जोडतो. वाड्या-वस्त्यांवरच्या नावांनी पुस्तकं भरलेली असतील, तर नोंदवही उघडतो.

नोंदवहीचं थोडं सांगतो, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. उमेदवाराला अर्ज भरायच्या आधी निवडणुकीचं वेगळं बँक खातं काढावं लागतं. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी पानांवर, बँकेचे व्यवहार पिवळ्या पानांवर. प्रचाराच्या काळात ती वही तीनदा तपासायला न्यावी लागते. चहा, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं. आपल्याकडं लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाख. ऐकायला मोठी समता वाटते. पण ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षानं आपल्या नावानं केलेल्या जाहिरातींना कमाल आकडा नाही. मान्यताप्राप्त पक्षाला 40 स्टार प्रचारक नेमता येतात, आणि त्यांच्या हेलिकॉप्टरचं भाडं उमेदवाराच्या वहीत येत नाही. अपक्षाच्या जीपचं डिझेल मात्र येतं. मी ती पानं लिहितो तेव्हा ही तफावत रोज डोळ्यांसमोर असते आणि रोज राग येतो. अर्जावर मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहा सह्या मिळवणं कठीण नाही, पण एका सहीत चूक निघाली तर अर्जच बाद. चिन्ह तर माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. मग दोन आठवड्यांत ते सहा विधानसभा मतदारसंघांत पोचवायचं. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीपासून इचलकरंजीच्या यंत्रमागापर्यंत, आणि वर सांगलीकडचं शिराळा, इस्लामपूर.

खरी परीक्षा मतदानकेंद्रावर होते. एका मतदारसंघात सुमारे 2 हजार केंद्रं धरा. प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसवायचा आणि त्याच्या जेवणाखाण्याचे 200 रुपये धरायचे म्हटलं, तरी 4 लाख होतात. तो माणूस पहाटे साडेपाचला अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाला, हजर पाहिजे आणि संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा 17-क नमुना हातात घेऊनच उठला पाहिजे. भाड्याचा माणूस दुपारच्या उन्हात उठून जातो. पावती फाडलेला माणूस घरची भाकरी बांधून आणतो आणि बसून राहतो.

मुंबईत 1967 साली काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांना कामगार नेते जॉर्ज फर्नांडिसांनी पाडलं, त्यामागंही असंच आधीचं काम होतं, महापालिका कामगार आणि टॅक्सीवाल्यांमधलं. 1977 ला मृणालताई गोरे उत्तर मुंबईतून खासदार झाल्या, तेव्हा त्यांच्यामागं गोरेगावच्या पाण्याच्या लढ्यातली आणि महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चातली बायामाणसं होती.

शेट्टींचं पुढं काय झालं, हेही विचारता. 2014 ला ते भाजपबरोबर होते आणि मोठ्या फरकानं जिंकले. 2019 ला काँग्रेस आघाडीबरोबर होते, धैर्यशील माने यांच्याकडून हरले. 2024 ला स्वबळावर लढले, तिसरे आले. कारणं बरीच आहेत, त्यात जात आहे, देशाची हवा आहे. माझं मत असं, की एकदा ह्या मोठ्या पक्षाबरोबर, एकदा त्या, असं झालं की नोट देणाऱ्याला आपली नोट लागणारच होती का, असा प्रश्न पडतो. आघाडी करू नये असं मी म्हणत नाही. पण करण्याआधी पावती फाडलेल्या माणसाला विचारलं पाहिजे.

आणि समजा पडला. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसतील तर 25 हजारांची अनामतही गेली. तरी निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करायचाच असतो, नाहीतर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्या 30 दिवसांत कार्यालयात कुणी फिरकत नाही. मी मात्र जातो, कारण ते काम करताना प्रत्येक केंद्रावरचा आकडा आणि पावतीपुस्तकातली नावं शेजारी ठेवून बघता येतात. कुठं माणूस होता तिथं मतं पडली, कुठं नव्हता तिथं किती कमी, हे स्पष्ट दिसतं. पुढच्या जिल्हा परिषदेला, बाजार समितीला, सोसायटीला उभे राहणारे लोक त्याच यादीतून निघतात. त्यांतले काही निवडूनही येतात.

2029 साठी कुणी आलं, तर मी त्याला आधी आपल्या तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची यादी काढायला सांगतो, आणि प्रत्येकापुढं एक नाव लिहायला. स्वतः जाऊन भेटून आलेल्या माणसाचं. निम्म्या ओळी भरल्या की या, नोंदवहीचं मी बघतो.