वानखेडेला जायचं कसं आणि यायचं कसं

“पार्किंगचं तिकडे गेल्यावर बघू ना, भाऊजी,” असं मेहुणा म्हणाला आणि मी मान डोलावली. चूक तिथेच झाली.

२०२५ च्या आयपीएलमधला संध्याकाळी साडेसातचा सामना होता. बोरीवली पूर्वेहून आम्ही चारला निघालो. हायवेवर कांदिवली, गोरेगाव, अंधेरी इथे जे व्हायचं ते झालं, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. वांद्र्याला सी-लिंकचे शंभर रुपये फास्टॅगमधून कापले गेले आणि मग गाडी जी सुटली ती सुटलीच. वरळी मागे पडलं, हाजी अली मागे पडलं, मलबार हिलच्या पोटातला दोन किलोमीटरचा बोगदा आला कधी आणि संपला कधी ते कळलंच नाही. मेहुणा तर खुशीत येऊन मावशीला व्हिडिओ कॉल लावायला निघाला होता. पावणेसहाला आम्ही प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलाजवळ मरीन ड्राइव्हला लागलो. समोर स्टेडियमचे दिवे दिसत होते. अंतर फार तर एक किलोमीटर.

त्या एका किलोमीटरला पाऊण तास लागला.

वानखेडेला साध्या तिकीटवाल्यासाठी पार्किंग नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आजूबाजूला ए रोड, बी रोड, सी रोड अशा गल्ल्या आहेत, एखाद्या कोपऱ्यात गाडी घुसवू, असं मनात होतं. सामन्याच्या दिवशी त्या गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लागतात. गाडी थांबवून हवालदारांना विचारावं तर ते हातानेच ‘पुढे, पुढे’ करतात. असं पुढे पुढे होत आम्ही नरिमन पॉइंटला पोहोचलो, यू-टर्न मारला, परत चर्चगेटकडे आलो आणि एका आडरस्त्यावर पाच-सहा गाड्या लागलेल्या दिसल्या त्यांच्या मागे आपलीही लावून दिली. इतके जण लावतात म्हणजे चालत असेल, हा तर्क. आत जाऊन बसलो तेव्हा पाचवी ओव्हर चालू होती.

सामना संपवून साडेअकराला परत आलो तर गाडी नाही. आमचीच नाही, एकाचीही नाही. गाडी होती तिथे डांबरावर खडूने तिचा नंबर आणि चौकीचं नाव लिहिलेलं. मग मेहुण्याने मान वर केली आणि झाडाला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याएवढा फलक त्याला दिसला: सामन्यानिमित्त वाहने उभी करण्यास मनाई. संध्याकाळी आम्ही त्याच झाडाखालून गेलो होतो. चूक आमची, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. दंड भरला, गाडी सोडवली, तोवर बारा वाजून गेले होते. कोस्टल रोड तेव्हा रात्री बाराला बंद व्हायचा (चोवीस तास सुरू झाला तो ऑगस्ट २०२५ पासून), म्हणून पेडर रोडने हळूहळू घरी. पोहोचलो तेव्हा सव्वादोन. सकाळी बायकोने विचारलं, कोण जिंकलं? मला क्षणभर आठवेना.

खरं तर त्या मैदानाचा दोष नाही. तिथून चालत दहा मिनिटांवर ब्रेबॉर्न स्टेडियम आहे, १९३७ सालचं. तिथल्या क्लबचं आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं तिकिटांवरून फाटलं आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने स्वतःचं मैदान उभारलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथली पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लोकलचे रूळ, मधे मिळाली तेवढी जागा. त्या काळी मॅच बघायला येणारा माणूस गाडी घेऊन येईल हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. तो लोकलने यायचा, नाहीतर चालत. माझे बाबा चालत यायचे.

तेव्हा आम्ही गिरगावात राहायचो, ठाकूरद्वारजवळ. १९८७ च्या वर्ल्ड कपची इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल, ५ नोव्हेंबर, बाबा घरून चालत निघून वीस-पंचवीस मिनिटांत मैदानात. गूचने झाडू मारल्यासारखे स्वीप मारून ११५ काढले आणि गावसकरांचा त्रिफळा डिफ्रेटसने ४ धावांवर उडवला, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होतो असं वाटतं. गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. बाबांचाही वानखेडेवरचा शेवटचा. मग चाळ सुटली, बोरीवली आली, नोकरी, आईचं आजारपण, गुडघे. मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा मी ठरवलं, आता त्यांना एकदा न्यायचंच.

गाडीचा विषय मी काढलाच नाही. राहिली लोकल आणि मेट्रो. दुपारी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी उलट्या दिशेची असते, बोरीवलीहून सुटणारी स्लो पकडली तर बसायला नक्की मिळतं, सव्वा तासाच्या आत चर्चगेट. खरं सांगायचं तर हाच सगळ्यात सरळ आणि स्वस्त मार्ग. फक्त रविवारी दुपारचा सामना असेल तर जंबो ब्लॉक आहे का ते बघून घ्यावं. आणि मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलायची नसेल तर सरळ सीएसएमटीला उतरावं, तिथून मेट्रोने चर्चगेट दुसरं स्टेशन, किंवा शेअर टॅक्सी.

पण बाबांना मेट्रो बघायची होती. “जमिनीखालून गिरगाव दिसतं का बघू,” म्हणाले.

तर मार्ग असा: घराजवळ देवीपाड्याहून मेट्रो ७, गुंदवलीला उतरून पुलावरून मेट्रो १, तिथून मरोळ नाका, मग खाली भुयारी मेट्रो ३. दोनदा बदल, पण जिने चढायचे जवळजवळ नाहीत, सरकते जिने आणि लिफ्ट सगळीकडे. मरोळ नाक्याला मात्र वरच्या स्टेशनातून खालच्या स्टेशनात जाताना चालणं बरंच आहे. गुडघेवाल्याने तिथे घाई करू नये. आम्ही मधे एकदा थांबलो, बाबांनी भिंतीला टेकून पाणी प्यायलं. तिकिटं मी आधीच फोनवर काढून ठेवली होती. सामन्याचं तिकीटही आधीच उतरवून ठेवलं होतं आणि तेच शहाणपणाचं ठरलं, कारण भुयारात माझ्या फोनची रेंज गेली ती चर्चगेटला वर आल्यावरच परतली. स्टेडियमजवळ तर तीस हजार फोन एकाच वेळी धडपडत असतात. तिकीट गेटवर उघडू म्हणणाऱ्यांची तिथे वेगळी रांग लागल्यासारखी असते, सगळे हात वर करून आभाळाला फोन दाखवत उभे.

ग्रँट रोड गेलं, मग ‘पुढील स्थानक गिरगाव’ अशी घोषणा झाली. बाबा उठून दाराशी गेले. दार उघडलं. चकचकीत फलाट, पिवळी पट्टी, एक मुलगी कानात इयरफोन घालून चढली. दार बंद झालं. परत येऊन बसले आणि म्हणाले, “हे गिरगाव नाही बुवा, काहीतरी चुकलं असेल.” ते हसले म्हणून मीही हसलो. या स्टेशनांसाठी वरच्या कोणकोणत्या चाळी गेल्या ते त्यांना नावानिशी पाठ आहे, हे मला माहीत होतं.

चर्चगेटला आम्ही पाचला पोहोचलो. तिथून पुढे एकच लक्षात ठेवायचं: चर्चगेट स्टेशनाच्या समुद्राकडच्या अंगाला यायचं आणि रूळ उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. सात-आठशे मीटर. खरं तर रस्ता लक्षात ठेवायचीही गरज नाही, निळ्या जर्सीच्या मागे लागलं की झालं. बाबांच्या चालीने वीस मिनिटं लागली. वाटेत गालावर रंग लावून देणारे, झेंडे विकणारे, आणि ज्यांचा सल्ला मी आता सगळ्यांना देतो ते बॅगा सांभाळणारे. आत बॅग चालत नाही, पॉवर बँक नाही, पाण्याची बाटली नाही, बाहेरचं खाणं नाही. त्यामुळे लोक ऐनवेळी या टपऱ्यांकडे धावतात. आम्ही हात हलवत गेलो होतो. निदान मला तसं वाटत होतं.

तपासणीला बाबांच्या लेंग्याच्या खिशातून निघाली एक छोटी चेनची पिशवी. आत नाणी. एक, दोन, पाच, दहा, मिळून दीडएकशे रुपये. पंचावन्न वर्षांची सवय, बसमध्ये सुटे लागतात म्हणून. नाणी फेकून मारता येतात, म्हणून आत नेता येत नाहीत. तपासणाऱ्या मुलाने शेजारच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यात लायटर, परफ्यूम आणि नाण्यांचा खच पडलेला. बाबा त्या खोक्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “चल मागे.”

“बाबा, रांग जाईल.”

“जाऊ दे. पैसे असे टाकायचे नसतात.”

रांगेतून बाहेर आलो. कोपऱ्यावर एक जण खारे शेंगदाणे विकत होता. बाबांनी सगळी पिशवी त्याच्या टोपलीच्या कडेवर उलटी केली, त्याने मोजून घेतली. शंभराची नोट परत दिली, कारण सुट्यांची चणचण त्यालाही होतीच, आणि उरलेल्याचे चार पुडे. पुडेही आत चालणार नव्हते. त्यामुळे आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहून चार पुडे शेंगदाणे संपवत बसलो. एक पुडा बॅरिकेडवरच्या बंदोबस्तातल्या बाईंनी घेतला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मात्र दाखवल्यावर आत नेऊ दिली.

जागेचं सांगायचं तर वयस्कर माणूस सोबत असेल तर पैसे थोडे जास्त गेले तरी खालच्या मजल्याचं तिकीट काढा. वरच्या मजल्याचे जिने उभे आहेत आणि एकदा बसलं की प्रत्येक चौकाराला पुढचे उभे राहतात, मग आपल्यालाही उठावं लागतं. बाबांनी चौकाराला उठायचं नाही असं ठरवलं, फक्त विकेटला उठायचं.

सामन्याबद्दल लिहीत नाही. परतीचं लिहितो, कारण खरा प्रश्न तोच आहे. जायला लोक चारपासून साडेसातपर्यंत विखरून येतात, परतायला सगळे एकाच वेळी निघतात. मैदानात सुमारे ३३ हजार माणसं. बारा डब्यांच्या लोकलमध्ये अगदी कोंबून चार-पाच हजार. हिशोब तुम्हीच करा. मेट्रो नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे साडेदहाच्या सुमारास संपते आणि सामना अकराच्या पुढे, त्यामुळे तो रस्ता येतानाच बंद झालेला. मी बाबांना म्हटलं, दोन ओव्हर आधी उठू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटचा चेंडू पडला, आम्ही बाहेर आलो. सगळा लोंढा डावीकडे, चर्चगेटच्या दिशेने. मीही वळलो. बाबांनी माझं मनगट धरलं.

“तिकडे कुठे? मरीन लाइन्सला चल.”

“बाबा, लांब पडेल.”

“चंदनवाडीपर्यंतचा रस्ता मला शिकवतोस?”

लांब पडलाच, पण रस्ता रिकामा होता आणि समुद्राचा वारा होता. सावकाश, दोनदा थांबत, पंचवीस मिनिटांत मरीन लाइन्स. तिथे खिडकीवर दोन-दोन तिकिटं काढली: मरीन लाइन्स ते चर्चगेट आणि चर्चगेट ते बोरीवली. रिटर्न मारणारे, म्हणजे बसायला मिळावं म्हणून आधी उलट चर्चगेटला जाऊन त्याच गाडीने परतणारे, बहुतेक जण पहिलं तिकीट काढत नाहीत आणि टीसीने धरल्यावर वाद घालतात. पाच रुपयांसाठी कशाला? चर्चगेटकडे जाणारी गाडी आली, डबा जवळजवळ रिकामा. बाबा खिडकीशी बसले, वाऱ्याच्या दिशेला. हीच गाडी पुढे बोरीवली स्लो होऊन सुटणार होती. विरार फास्ट मिळाली असती तरी मी घेतली नसती. रात्री साडेबारालाही विरारवाले बोरीवलीवाल्याला त्या गाडीतून उतरू देतील याची मला खात्री नाही.

चर्चगेटला गाडी पुरती थांबायच्या आधीच माणसं आत उड्या घेऊ लागली. झेंडे, भोंगे, घोषणा, घामाचा वास. मिनिटभरात डबा भरला, तीन सीटवर चार, दोन रांगांच्या मधेही माणसं. गालावरचा निळा रंग ओघळलेला एक कॉलेजचा मुलगा कसाबसा आमच्यापाशी पोहोचला, वरची कडी पकडली आणि बाबांकडे वाकून विचारलं, “आजोबा, कुठे उतरणार?”

“बोरीवली,” बाबा म्हणाले.

मुलाने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. तो सुस्कारा सोडून पुढच्या रांगेकडे सरकला, अंधेरीवाला शोधायला.