पिंप पाणी का ओढतं

शनिवार, रात्री साडेनऊ.

कडी घट्ट, गास्केट (झाकणाच्या खाचेतली रबरी पट्टी) नवं, झाकणाला तडा नाही, तरी तळाशी वाटीभर पाणी. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवरून, सामान नेणाऱ्यांचं हे नेहमीचं कोडं. सगळे झाकणाला दोष देतात. दोष बहुतेकदा उन्हाचा असतो.

निळं पिंप कयाकवर दुपारभर तापतं. आतली हवा ५० अंशांवर गेली आणि पिंप २५ अंशांच्या पाण्यात पडलं, की आतला दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो. हा फरक पाऊण मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढा. पिंप वर तरंगतंय, पण गास्केटला पाऊण मीटर खाली बुडवल्यासारखी ओढ बसते. आत १५ लिटर हवा मोकळी असेल तर लिटरभर पाणी ओढायची ताकद तिच्यात असते. म्हणून पिंप कपड्यांनी, स्लीपिंग बॅगने ठासून भरायचं. मोकळी हवा कमी, तशी ओढही कमी. वरून ओलं गोणपाट. पिंप तापू नये म्हणून रंग मारायच्या भानगडीत पडू नये, एचडीपीईवर (पिंपाच्या प्लास्टिकवर) तो टिकत नाही.

पिंप ३० लिटरचं, पूर्ण तोंडाचं, लोखंडी रिंग आणि कडीचं. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांकडे जुनी मिळतात, पण घेताना नाक आत घालून बघावं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून आलेलं फवारणीच्या औषधाचं पिंप फुकट मिळालं तरी नको. एचडीपीई वास शोषून घेतं, कितीही धुतलं तरी तो भातात उतरतो. शिवाय गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं, त्यात औषध उतरायला नको.

भोक कुठेही पाडायचं नाही. एचडीपीईला पाइपचं सोल्युशन धरत नाही, एपॉक्सी पुट्टीही नखाने सुटून येते. त्यामुळे हँडल, हूक सगळं दोरीचं: ६ मिमीची पॉलीप्रॉपिलीन, सहा मीटर. दोन आडवे फेरे आणि तळाखालून फुली मारत वर आलेल्या चार उभ्या दोऱ्या. नायलॉन बुडतो, ही तरंगते. उन्हाने मात्र कुजते. हाताला कुसळं लागायला लागली की बदलायची.

तोंडाजवळच्या फेऱ्याला दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या, बुचं घट्ट लावून, समोरासमोर बांधायच्या. पिंपात पाणी भरलंच तर चार किलोचा आधार उरतो आणि तोंड वर राहतं. एकूण वजन १४ किलोपर्यंत ठेवलं की पिंप निम्म्याहून थोडं कमी बुडतं. तांदूळ, भांडी, स्टोव्ह तळाला. वर जड झालं की ते आडवं पडतं आणि झाकण पाण्यात जातं.

गास्केट बदलायचं तर बंद छिद्रांची स्पंज रबर पट्टी घ्यावी. जोड सरळ कापू नये, तिरका कापून चिकटवावा. पट्टी चतुर्थांश दबली पाहिजे. जाड झाली तर कडी बसत नाही आणि लोक हातोडी घेतात. मग रिंग वाकते, आणि वाकलेली रिंग परत गोल होत नाही. व्हॅसलीन लावू नये, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटभर. बाकी पाणी आत यायला खाचेत अडकलेला वाळूचा एक कण पुरतो.

चाचणी अशी: आत झाकणाच्या कडेने टीपकागदाची पट्टी, तिच्यावर शाईच्या पेनाने रेघ. पिंप तासभर उन्हात, मग लगेच उलटं करून पाण्याच्या टाकीत, वर दगड, दहा मिनिटं. रेघ जिथे पसरली तिथे गास्केट कच्चं. गार पिंप बुडवून केलेली चाचणी काही कामाची नाही, त्यात कच्ची पिंपंही पास होतात.

निघताना सावलीत पंधरा मिनिटं ठेवून, झाकण एकदा उघडून पुन्हा लावायचं. पहाटेच्या गारठ्यात लावलेलं झाकण भर दुपारी उघडताना उलटा प्रकार होतो, दाब आत असतो. तेव्हा कडी सोडताना आपलं तोंड बाजूला.

मोबाइल आणि काडेपेटी तरीही वेगळ्या पिशवीत, तोंडाला तीन घड्या घालून.

उद्या नवीन पट्टी, टीपकागद. दुपारी एकला उन्हात.