आधी कोळसा, मग तोफा: माझी 'तापी' क्रूझर

युद्धनौकेचा आराखडा काढायचा म्हटलं की बहुतेक जण तोफांपासून सुरुवात करतात. किती इंची, किती, कुठे बसवायच्या. मी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी केलेला माणूस. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हिच्या भट्टीत कोळसा कुठला जाणार?

जहाज काल्पनिक आहे, साल १९०९. खरा इतिहास असा की मुंबईचं जुनं इंडियन नेव्ही १८६३ मध्ये मोडीत काढलं गेलं. १८९२ पासून 'रॉयल इंडियन मरीन' नावाने जे दल होतं, त्याच्याकडे मुख्यतः सैन्याची ने-आण आणि किनाऱ्याची मोजणी अशी कामं होती. मी इतिहासात एकच फेरफार केला. माझ्या कथेत ते जुनं नौदल टिकलं, आणि अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांची राखण करायला त्याने चार हलक्या क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, मागवल्या. नावं आपल्या मुलखाची दिली: तापी, गिरणा, पांझरा, वाघूर.

त्या काळी आरमाराचा आवडता कोळसा वेल्सचा. राख कमी, धूर कमी, उष्णता भरपूर. पण लढाई पेटली आणि वेल्सहून येणारी जहाजं अडली, तर मुंबईच्या क्रूझरने काय बंदरात बसून राहायचं? म्हणून मी अट घातली की 'तापी' पूर्वेकडच्या झरिया-राणीगंज खाणींच्या कोळशावर पूर्ण वेगाने चालली पाहिजे. तो कोळसा नागपूरहून भुसावळ यार्डातूनच मुंबईला उतरणार. इथे वाढलेल्या माणसाला हा मार्ग नकाशात बघावा लागत नाही.

माझे मामा भुसावळच्या लोको शेडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्यांना विचारलं, वाईट कोळशाने नेमकं काय होतं? ते म्हणाले, "कोयसा कच्चा आला ना भो, का जायी बुजते. मंग तू कितीबी टाक, काटा काही वर जात नाही." भट्टीतल्या जाळीवर राख वितळून तिची खंगरं होतात, त्यातून हवा वर येत नाही, आणि फायरमन फावडं मारून मारून थकला तरी वाफेचा दाब उतरतच जातो. आमच्या वीज केंद्रात कोळसा भुकटी करून जाळतात, तरी खंगरांची धास्ती तीच.

आता आकडे. वजन ४,५०० टन, वेग २४ नॉट, म्हणजे तासाला २४ सागरी मैल. त्या काळच्या ब्रिटिश 'चॅथम' जातीच्या क्रूझर ५,४०० टनांच्या, २५,००० अश्वशक्तीच्या आणि साधारण साडेपंचवीस नॉटच्या. त्या प्रमाणात 'तापी'ला १८,५०० अश्वशक्ती लागते. २४ ऐवजी २६ नॉट मागितले तर ती २३,५०० वर जाते, म्हणजे दोन नॉटसाठी पाच हजार अश्वशक्ती. वेगाच्या घनाप्रमाणे शक्ती वाढते, त्याला इलाज नाही. मी २४ वर थांबलो. व्यापारी जहाजांना छळणाऱ्या हल्लेखोराला गाठायला २४ पुरतात.

वेल्सचा कोळसा किलोला ८,००० किलोकॅलरी आणि आपला ६,५०० धरला. पूर्ण वेगाला वेल्सचा तासाला सुमारे १६ टन लागेल, तर आपला १९ टनांच्या वर. दीपनगरला २१० मेगावॉटचा एक संच तासाला शे-सव्वाशे टन खातो, त्यापुढे हे काहीच नाही. पण तिथे कन्व्हेयर आहेत, मिल आहेत. इथे प्रत्येक किलो माणसाच्या फावड्याने जाणार, तोही जूनच्या डोलणाऱ्या समुद्रात. एका पाळीला वीसेक जण फक्त भट्टीत कोळसा टाकायला, आणि जवळपास तितकेच बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या कोठारातून, तो ओढून आणायला. अशा तीन पाळ्या. खान्देशातला मे महिना अंगावर काढलेल्या माणसालासुद्धा त्या भट्टीघराची कल्पना करताना घाम फुटेल. आरमाराच्या इतिहासात कप्तानांची नावं पानोपानी येतात, पण या माणसांची येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॉयलर मी मोठ्या, सरळ नळ्यांचे, बॅबकॉक पद्धतीचे घेतले. बारीक वाकड्या नळ्यांचे हलके असतात, पण राखेने आणि क्षाराने भरल्यावर साफ करताना जीव जातो. सरळ नळीत ब्रश आरपार जातो. वेल्सच्या कोळशाला दहा बॉयलर पुरले असते. आपल्या कोळशाला जाळीचं क्षेत्र वाढवावं लागतं, म्हणून बारा. तीन भट्टीघरं, प्रत्येकात चार, आणि वर तीन धुराडी.

हे जादा दोन बॉयलर फुकट मिळाले नाहीत. पाण्यासकट त्यांचे साठ टन कुठून तरी कापायचे होते. सहा इंची एक तोफ, तिचा चौथरा आणि तिचे गोळे मिळून तीसेक टन होतात. मी दोन तोफा काढल्या. आठाच्या सहा झाल्या: एक नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला, एक मागे, दोन्ही कुशींना दोन-दोन. एका बाजूला चार तोफा लागू होतात, ४५ किलोंचा गोळा धरून १८० किलोंचा मारा. तोफा कमी केल्या म्हणून नाक मुरडणारे भेटतात. पण वाफ नसलेल्या जहाजावरच्या आठ तोफांपेक्षा धावणाऱ्या जहाजावरच्या सहा मला हव्यात, आणि यावर मी ठाम आहे.

पुरावा पुढे 'एमडेन'ने दिला. सप्टेंबर १९१४ मध्ये बंगालच्या उपसागरात या जर्मन क्रूझरने 'पोंटोपोरोस' हे ग्रीक जहाज धरलं, त्यात हिंदुस्थानी कोळसा होता. तो तिने जाळला, पण धूर फार आणि ताकद कमी. त्याच महिन्यात 'बुरेस्क' हाती लागलं, ज्यात खास आरमारासाठी निघालेला वेल्सचा कोळसा होता, तेव्हा कुठे तिची चिंता मिटली. २२ सप्टेंबरला मद्रासचे तेलाचे टाके पेटवणारं हे जहाज कोळशामागे असं धावत होतं. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' क्रूझरने तिला संपवलं. 'एमडेन'चा गोळा सतराएक किलोंचा, 'सिडनी'चा ४५ किलोंचा. माझ्या तोफा सहा इंचीच राहण्याचं कारण हे.

पिस्टनऐवजी वाफेच्या झोतावर फिरणारं टर्बाइन का नाही, हा प्रश्न मला हमखास विचारतात, कारण माझं आयुष्य टर्बाइनशेजारी गेलं. पण १९०९ मध्ये टर्बाइन सरळ पंख्याच्या दांड्याला जोडलेलं असे, मध्ये गिअर नाही. सावकाश चालताना ते वाफ वाया घालवतं. १९०४ च्या चाचण्यांत टर्बाइनची 'अ‍ॅमेथिस्ट' आणि पिस्टन इंजिनांची तिची बहीण 'टोपाझ' यांची तुलना झाली. साधारण १४ नॉटच्या वर 'अ‍ॅमेथिस्ट' सरस ठरली, त्याखाली 'टोपाझ'. राखणीचं जहाज बहुतेक दिवस १२ नॉटने फिरतं, म्हणून पिस्टन. १,००० टन आपला कोळसा भरला तर दिवसाला ७४ टन धरून ३,९०० सागरी मैल पल्ला मिळतो. मुंबई ते एडन जाऊन-येऊन वर थोडा उरतो.

वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरवर मात्र मी कुठेच काटकसर केली नाही. एक नळी गळाली की समुद्राचं पाणी बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात येतं आणि बॉयलरच्या नळ्यांचं आयुष्य संपतं. जहाजावर त्यासाठी पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघत. दुधाळ झालं की मीठ आलं. दोन स्वतंत्र कंडेन्सर दिलेत, एक बंद करून दुसऱ्यावर जहाज अर्ध्या ताकदीने चालेल असे. नाळ उंच ठेवली आणि उंच डेक पहिल्या धुराड्याच्या मागपर्यंत नेला, नाहीतर पावसाळ्यात पुढची तोफ लाटांखालीच राहिली असती.

मामांना कागद दाखवला. धुराडी बघून खूश झाले, मग म्हणाले, "समदं खरं भो, पन राख कुठून काढशीन?"

शेकडा १८ राख धरली तर पूर्ण वेगाला तासाला साडेतीन टन होते. बादल्यांनी वर ओढायची तर प्रत्येक भट्टीघरातून तासाला डझनभर शंभर किलोंच्या बादल्या, आणि ओढणारी माणसं वेगळी. म्हणून पाण्याच्या जोरावर राख बाहेर फेकणारी यंत्रं बसवली. दोन्ही कुशींना बसवली, कारण नैऋत्येचा वारा असताना एक बाजू नेहमी वाऱ्याच्या तोंडावर असते आणि तिथून फेकलेली राख डेकवर परत येते. त्यांच्या पंपाला लागणारी वाफ अजून हिशेबात धरायची आहे. ती धरली की पल्ल्याचा आकडा थोडा खाली येईल.